सगळ्या सफाऱ्या आणि एक गाळणी

पांढरकवडा
३ नोव्हेंबर २०२३

चि. कुंदास,

नीळकंठाचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र कालच्या टपालात मिळालं. तुझ्या कानांनी संप पुकारल्यापासून फोनवर मी ओरडतो आणि शेजारचे दार उघडून बघतात, त्यापेक्षा पत्र बरं. पोस्टमनलाही माझ्या घराचा रस्ता लक्षात राहतो.

दिवाळीला ये म्हणतेस. यंदा जमेलसं दिसत नाही, रागावू नकोस. एसटीला गर्दी असते, घर बंद ठेवलं की उंदीर मालक होतात, ही नेहमीची कारणं आहेतच. खरं कारण असं की माझ्याजवळ घालायला कपडे नाहीत. हसू नकोस. कपाट भरून कपडे आहेत, पण ते माझे राहिले नाहीत. तुझा जाड्या भाऊ बारीक झाला आहे, कुंदे. लपाछपी खेळताना ज्याच्यामागे तू आणि तुझ्या दोन-दोन मैत्रिणी लपायच्या, त्याच्यामागे आता काठीसुद्धा लपणार नाही.

डॉक्टर वर्षानुवर्षं वजन कमी करा म्हणून कानीकपाळी ओरडत होते. सिंधूनं साखरेचा डबा लपवण्यात हयात घालवली. तेव्हा काही हललं नाही, आणि ती गेल्यापासून आपोआप उतरत गेलं. रोज हायवेपर्यंत चालायला जातो, त्याचाही गुण असेल. लोक भारी कौतुक करतात. कोणी म्हणतं तब्येत बनवली, कोणी म्हणतं वय उतरलं. राळेगावला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो, गाडीगाडीच्या कापसाची प्रत माझ्या शब्दावर ठरायची, तेव्हाही माझ्याकडे कोणी इतक्या कौतुकानं बघितलं नव्हतं.

प्रश्न कपड्यांचा आहे. तुला ठाऊकच आहे, मी नोकरीभर आणि नंतरही सफारीच घातली. कापड सिंधू निवडायची, शिवायचा अय्यूब टेलर. सगळ्या सफाऱ्या घेऊन त्याच्याकडे गेलो आणि मापात बसवून दे म्हटलं. त्यानं टेप लावली, परत लावली, आणि म्हणाला की साहेब, इतकं कापड काढलं तर पँटचे मागचे दोन्ही खिसे एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसतील. नवीन शिवा म्हणतो. मी म्हटलं, या वयात नवीन कोणासाठी शिवायचं? तूर्त पट्ट्याला खिळ्यानं भोकं पाडून काम भागवतो आहे.

तर त्या कपड्यांचं काय करावं ते तू सांग. ठेवावेत तर कपाट उघडलं की एक अख्खा जाडा माणूस आत उभा असल्यासारखं वाटतं. द्यावेत तर कोणाला आणि कसे, ते मला कळत नाही. हे सगळं सिंधू बघायची.

क्षितिज आणि शाल्मलीला आशीर्वाद. माझी काळजी नको, जेवणखाण वेळेवर चालू आहे. तुझ्या लोभामुळेच माझ्यासारखा आळशी कागद घेऊन बसतो, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
नीळकंठभाऊ


उमरखेड
२० नोव्हेंबर २०२३

ती. भाऊस,

कुंदाचा शि. सा. न. वि. वि. भाऊबीजेला तू आला नाहीस. पाट मांडून बसले होते. मग ज्यांना भाऊ नसतो त्या बाया करतात तसं गच्चीवर गेले आणि चंद्राला ओवाळलं. सख्खा भाऊ असून ही पाळी. शाल्मली म्हणत होती की मामांना व्हिडिओवर ओवाळा, पण तुझा फोन बटणांचा, त्याला काय ओवाळू? हे तुला टोचावं म्हणूनच लिहिते आहे.

तुझं वजन उतरल्याचं वाचून आधी खूप हसले. शाल्मलीनं येऊन विचारलं की आई, काय झालं. तिला सांगितलं तर तीच हरखली. ती दर सोमवारी डाएट सुरू करते आणि मंगळवारी सोडते. मामा काय खातात ते विचारा, मीही तेच खाते, असं तिनं मला लिहायला लावलं आहे.

पण भाऊ, पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. साखर तपासलीस का? आणि जेवणखाण चालू आहे असं लिहिलंस, काय जेवतोस ते काहून नाही लिहिलं? तुझ्या आधीच्या पत्रांत भरल्या वांग्यांवर अख्खं पान असायचं. सिंधूवहिनी पत्राच्या खाली एक ओळ लिहायच्या, की कुंदाताई, यांनी सगळी जागा वांग्यांनी भरली, आमची ख्यालीखुशाली पुढच्या वेळी. त्या माणसाचं जेवण आता एका ओळीत कसं आटोपलं? त्या नंदाबाईचा डबा लावला होतास, तो चालू आहे का? नीट लिही.

कपडे भांडेवालीला दे. जुन्या कपड्यावर स्टीलची भांडी देते ती, दुसरं कोणी नको. कोणाला फुकट दिलं की पुढे रस्त्यात आपलाच शर्ट आपल्याला रामराम करतो. मात्र घासाघीस कर. सिंधूवहिनी कशा करायच्या ते तू पेपरच्या आडून बघत होतास, आठव. तिनं मांडलेली भांडी टोपलीत परत भरायला लावायच्या, ती फाटकापर्यंत गेली की मग आवाज द्यायच्या. तुझ्या लग्नातल्या सुटावर त्यांनी झाकणाची कढई मिळवली होती. तुला तेवढं जमणार नाही, निदान दोनदा नाही म्हण.

आणि दोन सफाऱ्या ठेव. अंगावरचं मांस जातं तसं येतंही, उद्या तब्येत सुधारली तर काय घालशील? ती पिस्ता रंगाची मात्र पहिली काढ. ती घालून क्षितिजच्या लग्नात आलास आणि अल्बममध्ये नवरदेवाच्या आधी तूच दिसतोस.

घरी सगळे बरे आहेत. माझं कानाचं यंत्र पुन्हा शिट्ट्या मारायला लागलं. पत्राला उशीर करू नकोस, आणि बहिणीवर जीव आहे तो पत्रातूनच कळतो हे विसरू नकोस.

तुझी,
कुंदा


पांढरकवडा
८ डिसेंबर २०२३

चि. कुंदास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आज्ञेप्रमाणे कपडे दिले. आता पुढचं वाचून तू ओरडणार आहेस, म्हणून यंत्र आधी काढून ठेव.

जमनी नावाची भांडेवाली आहे, आठवडी बाजार फिरत असते. ती गल्लीत ओरडत आली तेव्हा हाक मारली. सगळ्या सफाऱ्या बाहेर आणून ओसरीवर ठेवल्या. तिनं एक-एक उलटून बघितली, काखेत, कॉलरला, बसण्याच्या जागी. कुठे विरलेलं नव्हतं. मग तिनं टोपली मांडली. मोठं पातेलं, डबे, कढई. मला त्या भांड्यांकडे बघून कसंतरीच झालं. एवढ्या मोठ्या पातेल्यात मी कोणासाठी काय शिजवू? घरात तुझ्या वहिनीनं जमवलेली भांडी पालथी पडून आहेत. जमनी म्हणे की काहीतरी घ्याच लागते, बिनमोबदल्याचं मी नेत नाही. म्हणून एक चहाची गाळणी उचलली. आमची फाटलीच होती.

म्हणजे सगळ्या सफाऱ्या आणि बदल्यात एक गाळणी. सिंधू असती तर तिनं मला त्या टोपलीत बसवून जमनीबरोबर पाठवलं असतं. घासाघीस करायला तोंड उघडलं होतं गं, पण दोनदा नाही म्हणण्याइतकंही बळ आलं नाही. वाटलं, लवकर उचलून घेऊन जा.

दोन ठेवल्या नाहीत. ठेवून काय करायचं?

ती गेल्यावर कपाट उघडलं. माझी बाजू रिकामी. सिंधूच्या बाजूला साड्या तशाच आहेत. साडीचं बरं असतं, माणूस जाड असो, बारीक असो, ती कोणालाही होते. त्यांना हात लावला नाही.

शाल्मलीला सांग, मामाचं डाएट सोपं आहे. सकाळी चहा, दुपारी चहा, संध्याकाळी चालून आल्यावर चहा. मधे बिस्किट चालतं. गंमत केली. नंदाबाईचा डबा छान असतो. तुझा भाऊ ठीक आहे, एवढ्यावर विश्वास ठेव आणि माया कमी करू नकोस.

तुझा,
नीळकंठभाऊ


उमरखेड
२७ डिसेंबर २०२३

ती. भाऊस,

शि. सा. न. वि. वि. गाळणीचं वाचून मी ओरडणार होतेच, पण आता दुसऱ्याच गोष्टीसाठी ओरडते आहे.

क्षितिज ऑफिसच्या कामानं तिकडे आला होता आणि तुझ्याकडे येऊन गेला, हे तू कळवलं नाहीस. त्यानंही आधी नुसतं मामा बरे आहेत एवढंच सांगितलं. मी खोदून विचारलं तेव्हा सगळं निघालं. बसस्टँडवर तू समोरून गेलास आणि त्यानं तुला ओळखलं नाही. सख्ख्या भाच्यानं, भाऊ. तूच हाक मारलीस म्हणून कळलं. घरी नेऊन चहा पाजलास. त्याला पाणी घ्यायला आत जावं लागलं, तर ओटा कोरडा, पोळपाटावर धूळ, फळीवर बिस्किटांचे पुडे. येताना गल्लीच्या तोंडाशी नंदाबाई भेटली. ती म्हणाली की साहेबांनी डबा पोळ्याच्या सणापासूनच बंद केला, म्हणाले की बहिणीकडून येतो. मी कधीपासून उमरखेडहून पांढरकवड्याला डबा पाठवायला लागले रे?

लोक तुझं कौतुक करतात आणि तू ते घरी आणून मला वाढतोस. हे डाएट नाही. तू जेवणं सोडलं आहेस.

आणि त्या कपड्यांचं. सगळेच्या सगळे, भाव न करता, गाळणीवर! अरे, असे कपडे फक्त मयताच्या घरून जातात. गेलेल्या माणसाच्या कपड्यावर कोणी घासाघीस करत नाही, जे देईल ते घेतात आणि तोंड फिरवतात. ती जमनी काय समजली असेल?

तू इकडे ये. कायमचा ये. पुढची खोली रिकामी करते. ओझं होईल वगैरे मला शिकवू नकोस. हे गेल्यावर मी अशीच वर्षभर भिंतीकडे बघत बसले होते, तेव्हा तू आणि वहिनी येऊन महिना राहिलात. तेव्हा कोण कोणाचं ओझं होतं?

डोळ्यांत पाणी येतं आहे म्हणून थांबते. उत्तर लगेच हवं. बहिणीचा जीव टांगून ठेवू नये, एवढं तरी पाळ.

तुझी,
कुंदा


पांढरकवडा
२१ जानेवारी २०२४

चि. कुंदास,

अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. मी जेवतो गं, क्षितिज भलत्याच दिवशी आला. नंदाबाईच्या डब्याचं तिखट सोसत नव्हतं, तिला वाईट वाटू नये म्हणून तुझं नाव सांगितलं. उमरखेडला येण्याचं आत्ता नको. इथून निघालो तर या घरात सिंधूला ओळखणारं कोणीच राहणार नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यासारखी नाही.

परवा दुपारी दार वाजलं. उघडलं तर राळेगावची माणसं. देवसिंग, जो वजनकाट्यावर माझ्या हाताखाली होता. उकंडा हमाल. आणि धुरपताबाई, तुला आठवत असेल, आमच्या भाड्याच्या खोलीशेजारी राहायची, जिनिंगवर कामाला जायची आणि सिंधूशिवाय तिचं पान हलत नसे. निवृत्त होऊन इकडे आल्यापासून त्यांचं दर्शन नव्हतं. देवसिंगच्या अंगात माझी पिस्ता रंगाची सफारी. मला फार आनंद झाला. तेवढ्यात देवसिंगनं हात जोडले आणि विचारलं की तुमी साहेबाचे मोठे भाऊ काय.

तू म्हणालीस तसंच झालं होतं. जमनीनं माझे कपडे राळेगावच्या बाजारात मांडले. एवढी मोठ्या मापाची सफारी आणि तो रंग, देवसिंगनं लांबूनच ओळखली. जमनीला विचारलं तर ती म्हणाली की पांढरकवड्याच्या एका घरून सगळे एकदम मिळाले, दारात एक वाळका म्हातारा होता, भाव केला नाही. त्यांनी जो अर्थ लावायचा तो लावला. गावात विचारपूस करून घर शोधत आले होते.

मी हो म्हणालो. साहेबाचा मोठा भाऊ आहे म्हणालो. का म्हणालो ते नीट सांगता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर खरं दुःख होतं. मला वाटलं, हे ज्या माणसासाठी आले तो मोठ्यानं हसणारा, पोट सुटलेला, सिंधूचा नवरा, तो खरंच कुठे आहे? मी खोटं बोललो असं मला त्या वेळी वाटलंच नाही.

ते सिंधूला भेटायला आले होते, कुंदे. धुरपताबाई माझ्या खांद्यावरून आत बघत विचारत होती की बाई कुठी हायेत. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून ती पिठलं-भाकर बांधून आली होती, वाटेत वडकीला गाडी बदलून. किती दिवस उलटले ते माहीत नसलं तरी आमच्या गावाकडून हा पहिलाच कडू घास, असं म्हणाली. मी सांगितलं, बाई त्याच्या आधीच गेल्या, मागच्या माघात. धुरपताबाई उंबऱ्यातच मटकन बसली आणि तिनं टाहो फोडला. राळेगावला मी कळवलंच नव्हतं ना कोणाला. सिंधू गेली तेव्हा तुम्ही सगळे होतात, पण आपण ऑफिसातली माणसं, रुमाल तोंडाला लावून रडतो. या घरात तिच्यासाठी मोठ्यानं रडलेलं ते पहिलं माणूस.

मग ते बोलत बसले. साहेब हसले की काट्यावरचं पोतं हलायचं, हे देवसिंगनं सांगितलं. साहेब कापसाला नाव ठेवायचे पण कापूसवाल्याला कधी ठेवलं नाही, हे उकंडानं. सिंधूनं धुरपताबाईच्या नातीला हात धरून सही शिकवली होती, ते मलाही माहीत नव्हतं. धुरपताबाईनं स्वतः आत जाऊन ताटं शोधली, धुतली आणि पहिलं मला वाढलं. पहिला घास उतरेना. तिनं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर मी किती भाकरी खाल्ल्या मला ठाऊक नाही. ठेचा होता, कांदा होता. माझ्याच मयतीचं पिठलं मी खाल्लं, आणि खाता खाता मला रडू आलं ते थांबेना. देवसिंग म्हणाला की भाऊ गेला म्हणजे उजवा हातच गेला.

संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. मी खरं सांगितलं नाही. आता राळेगावात मी गेलेलो आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. हे तुला सांगायला हवं असं वाटलं, म्हणून लिहिलं. ताटं घासून ठेवली, घर परत होतं तसं झालं.

रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा,
नीळकंठ


उमरखेड
२९ जानेवारी २०२४

भाऊ,

नमस्कार करते, पण रागानं करते आहे. तुझं पत्र वाचून मी आंघोळ केली नाही. मयताची बातमी ऐकली की बाया आंघोळ करतात. माझा भाऊ मेलेला नाही.

जिवंत माणसाच्या मरणाची हूल उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात. वाढलेलं आयुष्य काय तू त्या गाळणीतून चहा गाळत काढणार आहेस? सिंधूवहिनींनी जन्मभर तुझी साखर तोडली ती तू जगावास म्हणून. त्यांना ओळखणारं कोणी राहणार नाही म्हणतोस आणि त्यांना सगळ्यात जास्त ओळखणाऱ्या माणसालाच उपाशी मारतोस. मला हे पटत नाही.

तुला वाटत असेल, कुंदा भरल्या घरात आहे, तिला काय कळतं. घर भरलेलं आहे रे. पण मला ऐकू येत नाही. जेवताना सगळे हसतात, मग मीही हसते, कशाला हसले ते मला माहीत नसतं. पोरं चांगली आहेत, ओरडून सांगतात, पण माणूस एकच विनोद किती वेळा ओरडेल? दिवसभरात माझ्याशी नीट, पूर्ण वाक्यात बोलणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे तुझं पत्र. ते मी परत परत काढून वाचते. त्या पत्रात तूच जर मी गेलो म्हणून लिहायला लागलास, तर मी कोणाशी बोलू?

मला भीती वाटते, भाऊ. मला दुसरा भाऊ नाही.

राळेगावला जा. त्या माणसांसमोर उभा राहा आणि मी नीळकंठ आहे, जिवंत आहे, असं तोंडानं सांग. शिव्या देतील, खा. तू गेला नाहीस तर मी येईन. या कानांनी, एकटी, एसटीनं. कंडक्टरनं गाव पुकारलेलं मला ऐकू येणार नाही आणि मी आदिलाबादला जाऊन उतरेन, ते तुझ्या माथी.

लोभ असावा असं या वेळी लिहीत नाही. आधी जाऊन ये.

कुंदा


पांढरकवडा
११ फेब्रुवारी २०२४

चि. कुंदास,

अनेक आशीर्वाद. जाऊन आलो.

तुझं पत्र आल्यावर काही दिवस नुसताच बसून होतो. जेवताना उगीच हसतेस ते वाचून फार वाईट वाटलं. मी तुझ्या कानांची थट्टा करत आलो, आणि तू तिकडे अशी बसलेली असतेस हे माझ्या ध्यानातच आलं नाही. शेवटी परवा उठलो आणि सकाळच्या गाडीत बसलो. ओळख पटवावी लागेल म्हणून आधार कार्ड खिशात घेतलं. त्यावरचा फोटो जाड्याचाच आहे हे गाडी निघाल्यावर लक्षात आलं.

आधी जिनिंगवरच्या खरेदी केंद्रावर गेलो. बाहेर कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. देवसिंगनं मला बघून रामराम केला, मोठ्या भावाला करतात तसा. मी म्हटलं, देवसिंग, मी साहेबच आहे, मी गेलो नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यानं माझे दोन्ही हात धरले, दाबून बघितले, आणि हसायलाच लागला. नंतर काय सुचलं कोणास ठाऊक, अंगातल्या सफारीची बटणं सोडायला लागला, म्हणे की तुमची तुमाले घ्या. मी बटणं परत लावली. त्याला ती छान दिसते. त्यानं सांगितलं की माझी बातमी आली त्या दिवशी काटा बंद ठेवून सगळे दोन मिनिटं उभे राहिले होते. एवढ्या भर हंगामात.

उकंडा मात्र बोलला नाही. मी समोर गेलो तर तोंड फिरवून पोत्याला हात घातला. त्याच्या शेजारी बराच वेळ बसलो, तरी नाही. त्याचं बरोबर आहे. त्यानं माझ्यासाठी अश्रू ढाळले आणि मी भाकरी खात ते बघत बसलो होतो. पुन्हा जाईन, त्याशिवाय हे मिटणार नाही.

तिथून धुरपताबाईकडे गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. काय बोलायचं ते वडकीपासून घोकत आलो होतो, ते सगळं विसरलो. पण ती दचकली नाही. सुपातून मान वर केली आणि आले काय साहेब म्हणाली. मी विचारलं की तुला देवसिंगनं सांगितलं का. तर ती म्हणाली की मले तर तुमी दारातच वळखू आलते. मी म्हटलं, मग तेव्हा बोलली काहून नाहीस? ती म्हणाली की तुमीच साहेब गेले म्हणून सांगून राह्यलते, उपाशी माणसाशी का वाद घालाचा, म्हटलं आधी जेवू द्या. एवढं बोलून पुन्हा पाखडायला लागली. तेव्हापासून तिनं हे कोणाला सांगितलं नव्हतं, माझी वाट बघत होती.

सिंधूच्या वर्षश्राद्धाला मी येते, माझ्यासंगं नातीलेही आणते, असं तीच म्हणाली. तूही ये, क्षितिजला घेऊन ये, एकटी नको. श्राद्ध झालं की तुझ्याबरोबर उमरखेडला येईन म्हणतो, कायमचा नाही, पण राहीन. तुझ्या शेजारी जेवायला बसेन आणि सगळे कशाला हसले ते तुला कागदावर लिहून देईन.

मग धुरपताबाईनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं की जेवून आले काय. कुंदे, या प्रश्नाला मी वर्षभर हो म्हणत आलो आहे. तुला पत्रांतून म्हटलं, क्षितिजला तोंडावर म्हटलं, नंदाबाईला दारातून परत पाठवताना म्हटलं. तिला म्हणालो, नाही.

लोभ असू दे. मला लागतो.

तुझा,
नीळकंठभाऊ